मशीन आपलं, मग मर्जी कुणाची? फ्री सॉफ्टवेअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्री सॉफ्टवेअरचा विषय काढला की तेच तेच प्रश्न येतात आणि बहुतेक प्रश्न अगदी रास्त असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. वरून खालपर्यंत वाचलंच पाहिजे असं काही नाही, तुम्हाला जिथे अडतंय तिथे थेट जा.

फ्री सॉफ्टवेअर म्हणजे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ना?

नाही. बऱ्याचदा ते फुकट मिळतं हे खरंय, पण मुद्दा पैशाचा नाहीच. चार गोष्टी बघायच्या: ते कुठल्याही कामासाठी चालवता येतं का, सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, उघडून ते आतून कसं चालतं ते बघता येतं का आणि आपल्याला हवं तसं बदलता येतं का, त्याची कॉपी दुसऱ्याला देता येते का, आणि आपण बदललेली कॉपी वाटता येते का. चारही पाहिजेत, तीन असून भागत नाही. व्हॉट्सॲप फुकट आहे पण यातली एकही गोष्ट पूर्ण देत नाही. उलट सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकलं आणि सोबत या चारही मुभा दिल्या तर ते फ्री सॉफ्टवेअरच.

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरने २७ सप्टेंबर १९८३ ला ग्नू, म्हणजे पूर्ण फ्री ऑपरेटिंग सिस्टम बनवायचा, प्रोजेक्ट जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन सुरू केलं, आणि १९८९ मध्ये जीपीएल हे लायसन्स, म्हणजे वापराच्या अटी ठरवणारा परवाना, आलं. जीपीएलची खुबी अशी की कोड घ्या, बदला, विका, पण पुढे ज्याला द्याल त्यालाही हेच सगळे हक्क द्यावे लागतात, कोड लपवून ठेवता येत नाही. याला कॉपीलेफ्ट म्हणतात. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा सिस्टमचा गाभा, आणला, पुढच्या वर्षी तो जीपीएलखाली गेला, आणि ग्नूची सगळी टूल्स अधिक हा कर्नल मिळून पूर्ण सिस्टम तयार झाली.

मला प्रोग्रॅमिंगचा प म्हणता येत नाही. सोर्स कोड उघडा असला काय नि नसला काय, मला काय फरक पडतो?

पडतो. तुम्हाला कोड वाचता येत नसेल पण ज्यांना येतो ते तुमच्या वतीने वाचतात, आणि कंपनीने काही वेडंवाकडं केलं तर ते कोड उचलून वेगळे होऊ शकतात. हे खरंच घडलंय. २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सन ही कंपनी विकत घेतली, त्याबरोबर सनचं ओपनऑफिस हे ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअरही ओरॅकलकडे गेलं. पुढे काय होणार याची डेव्हलपर्सना खात्री वाटेना, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांनी तोच कोड घेऊन त्याच वर्षी लिब्रेऑफिस सुरू केलं. वापरणाऱ्यांना काय करावं लागलं? नवं नाव डाउनलोड करायचं, बस. फाइल्स त्याच, सवयी त्याच. हेच बंद सॉफ्टवेअरच्या बाबतीत झालं असतं तर नवा मालक म्हणेल ते गप ऐकायचं किंवा सगळं सोडून नव्याने सुरुवात करायची.

आणि भाषेचंही आहे. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीत वापरता येतात, त्यामागे भाषांतर करणारे स्वयंसेवक आहेत. एखाद्या बंद प्रोग्रॅममध्ये मराठी घालायची की नाही हे कंपनी तिच्या नफ्यातोट्याच्या हिशोबाने ठरवते, तुम्ही मोफत करून द्यायला तयार असलात तरी.

पण प्रोप्रायटरी, म्हणजे बंद, सॉफ्टवेअरचा रोजच्या आयुष्यात असा काय त्रास आहे? माझं तर सगळं नीट चाललंय.

चाललंय तोपर्यंत चाललंय, खरा प्रश्न अडल्यावर काय करता येतं हा आहे.

प्रिंटरचंच घ्या. माझ्या एका मैत्रिणीकडे प्रिंट, स्कॅन, झेरॉक्स सगळं एकातच असलेलं मशीन आहे. तिला एक कागद स्कॅन करून पाठवायचा होता, घाई होती. मशीन म्हणतंय रंगीत शाई संपली, नवं कार्ट्रिज टाका. स्कॅन करायला शाईचा एक थेंब लागत नाही, काच चांगली, दिवा चांगला, मोटर चांगली, केबल जोडलेली, आणि तरी स्क्रीनवर तो एकच मेसेज, कुठलंही बटण दाबा पुढे सरकतच नाही. मशीन बिघडलेलं नव्हतंच, आतल्या फर्मवेअरला, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरला, कुणीतरी तसं वागायला सांगितलं होतं. आणि ते फर्मवेअर बदलायचा हक्क, मशीनचे पूर्ण पैसे मोजलेल्या माणसाला, नाही.

हे एकट्यादुकट्याचं रडगाणं आहे असं वाटत असेल तर सप्टेंबर २०१६ आठवा. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांनी दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिजेस एका दिवसात घ्यायची बंद केली, कारण आधीच येऊन बसलेल्या फर्मवेअरमध्ये तशी तारीख घालून ठेवलेली होती. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि ते काढणारं फर्मवेअर दिलं. म्हणजे काल चालणारी वस्तू आज चालेनाशी करणं दुरून जमतं, एवढं सगळ्यांना कळलं. आणि ही सगळी चळवळ सुरू व्हायला एक प्रिंटरच कारण झाला होता: एमआयटीच्या लॅबमध्ये झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला, कागद अडकला की लोकांना मेसेज जाईल अशी सोय स्टॉलमनने जुन्या प्रिंटरला करून दिली होती, नव्याला करता येईना कारण सोर्स कोडच दिला नव्हता, आणि ज्याच्याकडे होता त्याने करारावर सही केलेली म्हणून तोही देईना. चाळीसहून जास्त वर्षं झाली, प्रिंटर अजून तिथेच आहेत.

पुस्तकांचं तसंच. २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर उडवली, नंतर चूक मान्य केली आणि माफी मागितली, पण पुस्तक उडवायची यंत्रणा आधीपासून होती म्हणूनच ती चूक करता आली ना. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ईबुकचं दुकान बंद केलं, पैसे परत दिले, पण पुस्तकं वाचता येईनात कारण कुलूप उघडणारा सर्व्हरच बंद. विकत घेतलेली वस्तू म्हणजे आपली, ही आपली साधी समजूत, ती इथे लागू होत नाही. तुम्ही वापरायची परवानगी घेतलेली असते आणि ती परवानगी पॉलिसीमधल्या एका ओळीवर लटकलेली असते.

सबस्क्रिप्शनचं तर विचारूच नका. आधी प्रोग्रॅम एकदा घेतला की दहा वर्षं वापरा, नवीन व्हर्जन आवडलं नाही तर घेऊ नका. २०१३ पासून ॲडोबीने नव्या व्हर्जन्ससाठी महिन्याच्या भाड्याचा रस्ता धरला आणि मग सगळ्यांनीच धरला. भाडं थांबलं की प्रोग्रॅम थांबला, आणि त्यात केलेलं तुमचं स्वतःचं काम उघडायलाही परत भाडं भरा. मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा. काम तुमचं, मेहनत तुमची, आणि चावी दुसऱ्याकडे.

फाइल फॉरमॅटवर तुम्ही लोक एवढे का भांडता?

कारण प्रोग्रॅम बदलता येतो, वीस वर्षांचं काम परत टाइप करता येत नाही. आपण देवनागरीवाल्यांनी हे चांगलंच सोसलंय, युनिकोडच्या आधी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचं कोडिंग वेगळं, त्यातलं लिखाण आज उघडलं तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो, कन्व्हर्टर शोधत बसा, आणि कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार मोडणार ते वेगळंच.

एक प्रयोग करून बघा, पाच मिनिटं लागतील. लिब्रेऑफिसमध्ये दोन वाक्यं लिहा, ओडीटी, म्हणजे लिब्रेऑफिसच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये, सेव्ह करा. त्या फाइलची कॉपी करा आणि कॉपीच्या नावातलं शेवटचं ओडीटी काढून झिप करा, मग नेहमीसारखी झिप उघडा. आत काही फोल्डर आणि फाइल्स दिसतील, त्यातली कंटेंट नावाची एक्सएमएल फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. टॅग्जच्या गर्दीत तुमची दोन वाक्यं जशीच्या तशी दिसतील, मराठीत लिहिली असतील तर मराठीत. उद्या लिब्रेऑफिस जगातून नाहीसं झालं तरी ती फाइल वाचता येईल, कारण ती कशी रचायची हे सगळ्यांसमोर लिहून ठेवलंय आणि २००६ पासून ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं स्टँडर्ड आहे. वर्डची डॉकएक्स फाइलही झिपच असते आणि तिचंही स्टँडर्ड आहे हे कबूल, पण ते हजारो पानांचं आणि जुन्या वर्डच्या सवयी पोटात घेऊन बसलेलं, त्यामुळे बाकीच्यांना ते शंभर टक्के जुळवणं फार जड जातं आणि मग टेबल हललं, समास बदलला की दोष लिब्रेऑफिसला.

विंडोज १० चा सपोर्ट संपला. लॅपटॉप चांगला चालतोय. फेकू का?

अजिबात नको. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही हार्डवेअरमधली सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतलेच प्रोसेसर लागतात, त्यामुळे बरीच धडधाकट मशीन्स एका फटक्यात जुनी ठरली. हार्डवेअर तेच आहे, बदलला तो वरचा नियम. अशा मशीनवर लिनक्स मजेत चालतं आणि सिक्युरिटी अपडेट्सही येत राहतात.

एक पेनड्राइव्ह घ्या, त्यावर लिनक्सची आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण सिस्टम असलेली एक फाइल, चढवा, लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. इन्स्टॉल न करता पूर्ण सिस्टम चालते, हार्ड डिस्कला हात लागत नाही. तिथेच बघून घ्या: वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, ब्राइटनेसची बटणं चालतात का, झाकण बंद करून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, प्रिंटर सापडतो का, मराठी कीबोर्ड लावता येतो का. सगळं ठीक असेल तरच पुढे जा, आणि इन्स्टॉल करण्याआधी बॅकअप घ्या, घ्याच.

कुठलं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला तयार संच?

नवीन असाल तर लिनक्स मिंट. किंवा तुमच्या ओळखीतला जो माणूस फोन उचलतो तो जे वापरतो ते.

वायफाय किंवा ग्राफिक्स कार्ड चालत नाही म्हणतात, खरंय का?

कधीकधी खरंय. पूर्वीपेक्षा कितीतरी कमी, पण होतं. कारण समजून घ्या म्हणजे राग योग्य जागी जाईल: वायफाय चिप बनवणाऱ्या कंपन्या त्यात चढवायचं फर्मवेअर बंद ठेवतात, काही जण माहितीच देत नाहीत, मग ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्याला अंदाजाने चाचपडत लिहावा लागतो. डेबियन हे डिस्ट्रो तर तत्त्वाला एवढं चिकटून होतं की त्यांच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर नसायचंच, शेवटी २०२२ मध्ये मतदान घेऊन त्यांनी ते घालायचं ठरवलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळायला लागलं. काहींना ही तडजोड आवडली नाही. मला पटली, कारण वायफायच लागलं नाही तर माणूस पहिल्याच दिवशी परत जातो. नवीन लॅपटॉप घेत असाल तर घेण्याआधी मॉडेलचं नाव आणि लिनक्स असं सर्च करा, दहा मिनिटांत कळतं.

फोटोशॉपशिवाय माझं पोट चालत नाही. मग?

मग वापरा, तुमच्या पोटावर कुणी पाय देत नाहीये. फोटोंच्या कामाला गिंप चांगलं आहे, चित्र काढायला क्रिता फारच सुंदर आहे, पण प्रेसला जाणारं सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांतलं, काम रोज करणाऱ्याला गिंप म्हणजे फोटोशॉपच असं सांगणं खोटेपणा होईल. काही क्षेत्रांत फ्री सॉफ्टवेअर मागे आहे, काहींत बरोबरीने आहे आणि काहींत पुढे. ब्लेंडर हा थ्रीडीचा प्रोग्रॅम बघा: ते बनवणारी कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले आणि सोर्स कोड सोडवून घेतला, आज थ्रीडी शिकणारी मुलं त्यावरच शिकतात. बाकी ब्राउझर, व्हिडिओ, पीडीएफ, ऑफिस, पासवर्ड, बॅकअप एवढं तरी आज बदलता येतं, मुख्य कामाचा प्रोग्रॅम राहू दे.

क्रॅक करून वापरलं तर? फुकट पण आणि सगळं चालतं पण.

कायद्याचं आणि व्हायरसचं बाजूला ठेवतो, ते सगळ्यांना माहीतच आहे. पण क्रॅक केलेला प्रोग्रॅमसुद्धा बंदच असतो. त्याचा फॉरमॅट, त्याच्या सवयी, त्याचे शॉर्टकट तुमच्या हाडीमाशी खिळतात, आणि उद्या नोकरी लागली, धंदा काढला की त्याच कंपनीला पैसे भरायला तुम्ही रांगेत. तुमच्या आसपासचे दहा जणही तेच वापरायला लागतात कारण तुमच्या फाइल्स त्यातल्या. म्हणजे पैसे न देता तुम्ही त्यांचं मार्केट वाढवलंत.

अँड्रॉइड ओपन सोर्स आहे ना? म्हणजे माझा फोन फ्री झाला?

अर्धवट. खालचा कर्नल लिनक्स आहे, अँड्रॉइडचा मूळ कोडही उघडा आहे, पण दुकानातून येणाऱ्या फोनमध्ये गूगल प्ले सर्व्हिसेस, कंपनीची स्वतःची ॲप्स आणि ड्रायव्हर्स बंद असतात. न काढता येणारी ॲप्स त्यातलीच. चांगल्या बॅटरीचा, चांगल्या स्क्रीनचा फोन अपडेट मिळत नाहीत म्हणून टाकून द्यावा लागतो तेही यामुळेच, कारण चिप बनवणाऱ्याने ड्रायव्हर देणं थांबवलं की पुढचं कुणालाच नीट करता येत नाही.

सगळ्यात सोपं पाऊल म्हणजे एफ-ड्रॉइड. हे ॲप स्टोअर २०१० पासून आहे आणि त्यात फक्त फ्री सॉफ्टवेअर असतं. मला त्याची एक गोष्ट फार आवडते, ॲपमध्ये काही खटकण्यासारखं असेल, म्हणजे ट्रॅकिंग किंवा बंद सर्व्हिसवर अवलंबून असणं, तर ते ॲपच्या पानावरच लिहिलेलं असतं, टाकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. रॉम, म्हणजे फोनमधली अख्खी सिस्टम, बदलण्याआधी मात्र नीट चौकशी करा, कारण काही बँकांची ॲप्स आणि पेमेंटची ॲप्स बदललेल्या सिस्टमवर चालायला नकार देतात. हा मोठा अडथळा आहे आणि तो लोकांना न सांगता त्यांना रॉम बदलायला लावू नये.

कोड सगळ्यांना दिसतो तर हॅकरलाही दिसतो. मग सुरक्षित कसं?

उघडा आहे म्हणून आपोआप सुरक्षित, असं म्हणणारा फसवतोय. २०१४ मधलं हार्टब्लीड घ्या, निम्मं इंटरनेट ज्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या कोडवर उभं होतं त्यातली चूक दोन वर्षं कुणाला दिसली नाही, कारण वापरणारे सगळे आणि बघणारे मूठभर. मार्च २०२४ मध्ये तर एक्सझेड नावाच्या छोट्याशा लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात अशा कोडमध्ये, मुद्दाम चोरदरवाजा घातलेला सापडला. एका खोट्या नावाच्या माणसाने दोनेक वर्षं मदत करत करत, ती सांभाळणाऱ्या थकलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवून तो घातला. पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने, एसएसएच, म्हणजे दुरून दुसऱ्या मशीनवर शिरायच्या, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं आणि तो कारण शोधत खाली खाली गेला. त्याला जाता आलं कारण कोड उघडा होता, त्यासाठी तो कुठल्या ठरावीक कंपनीचा नोकर असायची गरज नव्हती. बंद सॉफ्टवेअरमध्ये त्याने एक तक्रार टाकली असती आणि ‘आम्ही पाहतो’ असं उत्तर आलं असतं.

आणि बंद कोडमध्ये काय लपू शकतं त्याची दोन उदाहरणं. सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी २००५ मध्ये न सांगता कॉम्प्युटरमध्ये रूटकिट, म्हणजे खोलवर लपून बसणारं सॉफ्टवेअर, टाकत होत्या. २०१५ मध्ये उघड झालेला फोक्सवॅगनचा घोटाळा, गाडीतलं सॉफ्टवेअर टेस्ट चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. इथे चूक कुणाच्या हातून झाली नव्हती, मुद्दाम लिहिलेला कोड होता.

मला लपवण्यासारखं काहीच नाही, मग टेलिमेट्री, म्हणजे माझ्या वापराची माहिती, कंपनीकडे गेली तर जाऊ दे ना?

तुमच्या फोनमध्ये तुमच्या आईचा नंबर आहे, मित्राचे रिपोर्ट आहेत, कुणीतरी विश्वासाने पाठवलेले फोटो आहेत. त्यांच्या वतीने हो म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

फुकट देतात तर डेव्हलपर खातात काय?

सपोर्ट विकतात, सर्व्हर चालवून देतात, कंपन्या पगार देऊन लोक ठेवतात, काही प्रोजेक्ट देणग्यांवर चालतात. लिनक्स कर्नलमधलं बरंचसं काम पगारी लोक करतात. रेड हॅट ही लिनक्सवर धंदा करणारी कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा यात पैसा नाही असं नाही. पण पैसा सारखा वाटला जात नाही हे दुखणं खरंय, एक्सझेडचा मेंटेनर एकटाच होता आणि दमलेला होता. तुम्ही एखादं फ्री ॲप रोज वापरत असाल तर वर्षातून एकदा, जमेल तेवढे, पाठवा.

ओपन सोर्स आणि फ्री सॉफ्टवेअर वेगळं आहे का?

प्रोग्रॅम बहुतेक तेच. १९९८ मध्ये काही जणांनी ओपन सोर्स हे नाव पुढे केलं कारण कंपन्यांना हक्कांची भाषा जड वाटते, त्यांना चांगला कोड आणि कमी खर्च हे पटतं. मी हक्कांच्या बाजूचा, पण यावरून भांडून एकही नवा माणूस आपल्याकडे येत नाही.

आता सगळं ब्राउझरमध्येच चालतं. मग हे सगळं जुनं नाही का झालं?

उलट जास्त अवघड झालंय. प्रोग्रॅम दुसऱ्याच्या सर्व्हरवर, डेटाही तिथेच, आणि नकोसा झाला की ते बंद करतात. गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं तेव्हा किती लोकांनी हातापाया पडून विनंत्या केल्या, उपयोग शून्य. सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी एजीपीएल लायसन्स आहे, कोड बदलून सर्व्हरवर चालवलात तर वापरणाऱ्यांनाही तो बदललेला कोड द्यावा लागतो. नेक्स्टक्लाउड याच लायसन्सचं आहे, फाइल्स आणि कॅलेंडर स्वतःच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या सर्व्हरवर ठेवता येतात. सर्व्हर चालवणं सगळ्यांना झेपणारं नाही. तोपर्यंत निदान एवढं करा, जी सर्व्हिस वापरता तिथे एक्सपोर्टचं बटण आहे का बघा आणि अधूनमधून ते दाबा.

एआयचंही इथेच सांगतो. मॉडेलचे वेट्स, म्हणजे शिकवून तयार झालेले त्याचे आकडे, डाउनलोड करता आले म्हणजे ते फ्री झालं असं नाही, लायसन्स वाचा. मेटा कंपनीच्या लामा या मॉडेलच्या लायसन्समध्ये वापरावर अटी आहेत, आणि कुठल्या डेटावर शिकवलं ते पूर्ण दिलेलं नाही. तरी आपल्या मशीनवर चालणारं मॉडेल दुसऱ्याच्या सर्व्हरपेक्षा बरं, तुमचं बोलणं निदान तुमच्याकडेच राहतं.

सरकारं किंवा मोठ्या संस्था हे वापरतात का, की फक्त हौशी लोक?

वापरतात. जगातले सगळ्यात वेगवान पाचशे सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. फ्रान्सचं जाँदार्मरी नावाचं पोलिसदल उबुंटू या लिनक्स डिस्ट्रोवर बेतलेली स्वतःची सिस्टम हजारो कॉम्प्युटरवर चालवतं. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये लिब्रेऑफिसकडे जायचं जाहीर केलं. म्युनिक शहराचं उदाहरण लोक उलट्या बाजूने देतात, त्यांनी मोठ्या मेहनतीने लिनक्स आणलं आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. माझ्या मते त्यातून शिकायचं ते हे, की नुसतं सॉफ्टवेअर बदलून होत नाही, ट्रेनिंग, अडचण आली तर धावून येणारा माणूस आणि वरच्यांचा पाठिंबा, तिन्ही लागतात, आणि वरचे बदलले की सगळं फिरू शकतं.

युरोपातल्या फ्री सॉफ्टवेअरवाल्यांची एक मागणी मला फार पटते, जनतेच्या पैशाने बनवलेलं सॉफ्टवेअर जनतेसाठी उघडं असावं. यावर समोरच्याचं म्हणणं काय असू शकतं हे मला खरंच कळत नाही.

ठीक आहे, पटलं. कोड न लिहिता मी काय करू शकतो?

बग रिपोर्ट लिहा, आणि नीट लिहा: कुठलं व्हर्जन, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं तर डेव्हलपरच्या हाती काही लागत नाही. मराठी भाषांतरात चुका दिसल्या तर सुधारा, बऱ्याच प्रोजेक्ट्सची भाषांतरं वेबलेट नावाच्या वेबसाइटवर चालतात, ब्राउझरमध्ये एकेक वाक्य समोर येतं, खाली मराठी टाइप करायचं, सेव्ह करायचं. अर्ध्या तासात पाचपंचवीस वाक्यं होतात. कुणाला फाइल पाठवताना जिच्यात बदल करायचे नाहीत ती पीडीएफ पाठवा, जिच्यात करायचेत ती ओडीटी. आणि कुणी फॉर्म फक्त एकाच कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये उघडेल असा दिला तर गप बसू नका, दोन ओळींचा शांत मेल टाका की हा माझ्याकडे उघडत नाही, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये मिळेल का. बऱ्याचदा समोरच्याला माहीतच नसतं की कुणाचं अडतंय.